जेद्दा किती लांब?

रमजानमध्ये आमच्या घरी रोजा दोनदा सुटतो. पहिल्यांदा सगळ्यांचा. मशिदीतून मगरिबची अजान ऐकू आली की खजूर तोंडात जातो, मग सरबत, फळं, भजी आणि मुलांची नेहमीची भांडणं. दुसऱ्यांदा एकट्या अम्मीचा. ती आपला रोजा आमच्याबरोबरच सोडते, पण एक खजूर बशीत तसाच ठेवते. नऊच्या सुमारास फोन वाजतो. जेद्दाला धाकट्या भावाच्या मशिदीत अजान होत असते. तो तिकडे खजूर उचलतो, अम्मी इकडे बशीतला उचलते. त्या वेळी मी तरावीहच्या नमाजाला गेलेलो असतो, त्यामुळे कित्येक वर्षं मला याचा पत्ताच नव्हता. हे मला माझ्या मुलीनं सांगितलं.

अम्मीचा एक प्रश्न मात्र मी लहानपणापासून ऐकत आलोय. "जेद्दा किती लांब आहे रे?" आधी ती हे माझ्या दादांना विचारायची. (उर्दूत दादा म्हणजे वडिलांचे वडील. माझ्या मराठी मित्रांचा यात नेहमी गोंधळ होतो.) दादांचं उत्तर ठरलेलं, "पंधरा दिवस." आता तोच प्रश्न ती भावाला विचारते आणि तो सांगतो, "साडेपाच तास, अम्मी. फक्त साडेपाच तास." दोघांपैकी कुणीच किलोमीटरमध्ये उत्तर दिलं नाही, ही गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली.

किलोमीटरचं उत्तर सोपं आहे. मुंबई ते जेद्दा हवेतलं सरळ अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर. जाताना विमानाला पाच ते साडेपाच तास लागतात. येताना थोडे कमी, कारण एवढ्या उंचीवर वारे बहुतेक वेळा पश्चिमेकडून वाहतात आणि विमानाला मागून ढकलतात. समुद्रमार्ग याहून लांबचा, सुमारे २,३०० सागरी मैल, म्हणजे ४,२०० किलोमीटरच्या वर. जहाजाला अरबस्तानाच्या वाळवंटावरून उडी मारता येत नाही. एडनला वळसा घालून, बाब-अल-मंदबच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून लाल समुद्रात शिरावं लागतं. बाब-अल-मंदब या अरबी नावाचा अर्थ 'आक्रोशाचा दरवाजा'. जुन्या खलाशांनी हे नाव उगाच ठेवलं नसावं.

दादा हजला गेले ते १९६०च्या दशकात, मोगल लाईनच्या जहाजानं. ही कंपनी १८७७ मध्ये मुंबईत 'बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन' या नावानं सुरू झाली आणि १९८६ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियात विलीन झाली. दादा निघाले तेव्हा आठ दिवस आधीपासून गावभर फिरून लोकांची माफी मागत होते. 'कहा-सुना माफ करना', बोललं-ऐकलं असेल ते माफ करा. वाण्याची उधारी चुकती केली. बांधावरून ज्याच्याशी बोलणं बंद होतं, त्या शेजाऱ्याच्या घरी जाऊन चहा घेतला. माणूस परत येईलच याची खात्री नसे, म्हणून हिशेब मिटवून निघायचं. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम आणि मग गोदी. पनवेलहून त्यांना पोचवायला गेलेल्या माणसांना जहाज दिसेनासं होईपर्यंत धक्क्यावरून हलवेना. पुढची खबर थेट पोस्टकार्डावर, तीही दादा परतायच्या थोडीच आधी घरी आलेली.

जहाजावरच्या त्या दिवसांबद्दल दादा भरभरून बोलत. पहिले तीन दिवस उलट्या. मग हळूहळू ओळखी. त्यांच्याच डेकवर एक मलबारी, एक बंगाली आणि एक लखनौचा मुन्शी होता. कोकणी, मल्याळम, बंगाली आणि लखनवी उर्दू यांचं कडबोळं करून चौघांची गट्टी जमली. मुन्शी रोज संध्याकाळी सगळ्यांची पत्रं लिहून द्यायचा. पुढे एके दिवशी जहाजाचा भोंगा वाजला. यलमलमचा डोंगर समांतर आला, ही त्याची खूण. हजच्या वाटेवर एक सीमा असते, तिला मीकात म्हणतात. ती ओलांडण्याआधी शिवण नसलेली दोन पांढरी वस्त्रं, म्हणजे इहराम, नेसावी लागतात. हिंदुस्थानातून समुद्रानं जाणाऱ्यांची सीमा यलमलम. दादा सांगत, "भोंगा वाजला आणि अर्ध्या तासात अख्खं जहाज पांढरं झालं. कोण शेठ, कोण खलाशी, ओळखू येईना." आज विमानात मीकात जवळ आल्याची घोषणा होते आणि विमान मिनिटाला चौदा-पंधरा किलोमीटर कापत असतं. त्यामुळे जाणकार मंडळी मुंबईतूनच इहराम नेसून निघतात. डुलकी लागली तर सीमा झोपेतच ओलांडली जायची.

मुंबई-जेद्दा जहाजं १९९५ मध्ये बंद झाली. एम. व्ही. अकबरी हे या वाटेवरचं शेवटच्या काळातलं नाव. जहाजं परत सुरू करण्याच्या गोष्टी अधूनमधून निघतात. आजची जहाजं हे अंतर तीन-चार दिवसांत कापतील, असंही म्हटलं जातं. कापतीलही. पण तीन दिवस तर नुसत्या उलट्यांतच गेले असते, मुन्शीची ओळख कधी झाली असती?

मी उर्दू आणि मराठी दोन्हीत वाढलो, त्यामुळे एक शब्द मला या बाबतीत फार उपयोगाचा वाटतो. मराठीत आपण म्हणतो 'मजल दरमजल करत पोचलो'. ही 'मजल' अरबी 'मंजिल'वरून आली. मंजिल म्हणजे उतरण्याची जागा, एका दिवसाच्या चालीनंतरचा मुक्काम. (इमारतीचा मजलाही तिथूनच आला.) म्हणजे मजल हे अंतर की वेळ? दोन्ही. माणूस आणि उंट दिवसभरात जेवढे चालतात, तेवढी एक मजल.

पनवेलकरांना हे वेगळं सांगायला नको. रेल्वे येण्याआधी मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी होडीनं पनवेलच्या खाडीत उतरायचा आणि इथून पालखी, घोडा किंवा बैलगाडीनं बोरघाटाकडे निघायचा. घाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. तेव्हा आपलं गाव हीच एक मजल होती. भरती-ओहोटी सांभाळून होडी केव्हा लागेल, यावर पुण्याचं अंतर ठरत असे.

इस्लामी कायद्यात मुसाफिर कुणाला म्हणायचं, हेही मुळात मजलांवरच ठरलं. मुसाफिराला सवलत असते. प्रवासात रोजा न ठेवता तो नंतर भरून देता येतो, चार रकातींची नमाज दोन रकातींत आटोपता येते. पण किती लांब गेलं की माणूस मुसाफिर? आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे. आमच्याकडे दोन दिवसांच्या चालीचं अंतर धरतात, आजच्या मापात साधारण ८० किलोमीटर. हनफी पंथात तीन दिवसांची चाल, पण तिचाही हिशेब लावून आकडा पुन्हा ७७-७८ किलोमीटरच्या आसपासच येतो. म्हणजे पनवेलहून सीएसएमटीची लोकल पकडून तुम्ही दीड तास लोंबकळत गेलात तरी मुसाफिर नाही. आणि एक्स्प्रेसवेनं गारेगार गाडीत दीड-दोन तासांत पुण्याला पोचलात तर मुसाफिर! माझे विद्यार्थी यावर हसतात. मी त्यांना म्हणतो, दोन दिवसांची चाल किलोमीटरमध्ये गोठवली त्याचा हा परिणाम. वेळ वितळून गेला, आकडा तेवढा उरला.

रोजाचं मात्र तसं नाही. रोजा किलोमीटरवर चालत नाही आणि घड्याळावरही नाही, तो सूर्यावर चालतो. आणि सूर्याशी शर्यत लावली की विमानाचीही फजिती होते. पनवेलला मावळलेला सूर्य जेद्दाला मावळायला साधारण सव्वादोन तास लागतात. घड्याळातला फरक अडीच तासांचा, पण आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशाची असल्यामुळे पनवेलचा सूर्य घड्याळाच्या मागे असतो, म्हणून हा पाव तासाचा घोळ. तर हिशेब असा होतो : हीच वाट सूर्याला सव्वादोन तास, विमानाला साडेपाच तास, दादांच्या जहाजाला पंधरा दिवस.

दुपारी साडेचारला मुंबईहून निघालेला रोजेदार पश्चिमेकडे उडतो तेव्हा सूर्य त्याच्या पुढे पळत असतो. विमान त्याला गाठू शकत नाही, पण त्याचं मावळणं लांबवत मात्र नेतं. मुंबईत पावणेसातला सुटला असता तो रोजा हवेत साडेआठ-नऊपर्यंत खेचला जातो. खिडकीखाली जमिनीवर अंधार, एखाद्या शहराचे दिवे लुकलुकताहेत, खालच्या लोकांचा इफ्तार उरकलेला, आणि वर मात्र पंखावर अजून ऊन. नियम असा की जिथे तुम्ही आहात, तिथून सूर्य मावळलेला दिसला पाहिजे. अकरा किलोमीटर उंचीवर क्षितिज खाली सरकतं, म्हणून खालच्यापेक्षा सूर्यास्त पाव तासानं उशिरा होतो. दुबईच्या बुर्ज खलिफाबाबत २०११ मध्ये तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी हेच सांगितलं होतं. ८०व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी दोन मिनिटं उशिरा रोजा सोडावा, १५०व्याच्या वर तीन मिनिटं. एकाच इमारतीत तीन इफ्तार!

याचं टोक २००७च्या रमजानमध्ये गाठलं गेलं. शेख मुझफ्फर शुकूर हे मलेशियाचे डॉक्टर ऑक्टोबरमध्ये अंतराळ स्थानकावर गेले. तिथे चोवीस तासांत सोळा वेळा सूर्य उगवतो आणि मावळतो. रोजा कुठला धरायचा? मलेशियाच्या उलेमांनी त्यांच्यासाठी खास पुस्तिकाच काढली. जिथून यान सुटलं तिथली, म्हणजे बैकानूरची वेळ धरा, किंवा रोजे परतल्यावर भरून द्या. मला हे उत्तर आवडतं. माणूस कुठेही गेला तरी तो जिथून निघाला, त्या जागेची वेळ त्याच्याबरोबर राहते.

यंदाचा रमजान आमच्या भागासाठी एका अर्थानं नवा आहे. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळला, गावं उठून दुसरीकडे वसली. त्या गावांतली मुलं माझ्या वर्गात बसतात. जग जवळ आलं असं आपण म्हणतो, तेव्हा कुणाचं तरी घर लांब गेलेलं असतं, हे त्यांना मी शिकवायची गरज नाही.

त्यातल्याच एकानं परवा विचारलं, "सर, तुम्ही नमाज पश्चिमेला करता ना? मग मक्केला जाणारं विमान सरळ पश्चिमेलाच जात असेल." प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. पनवेलहून मक्का ३,४८० किलोमीटरवर आहे, पण नेमकी पश्चिमेला नाही. पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वांत जवळची वाट पश्चिमेच्या साधारण दहा अंश उत्तरेला निघते आणि मग कमानीसारखी वळते. वैमानिकाची सरळ वाट आणि नमाजाची दिशा, म्हणजे किबला, दोन्ही एकाच गणितातून येतात. म्हणून तर न्यूयॉर्कचा मुसलमान ईशान्येकडे तोंड करून उभा राहतो. नकाशात मक्का त्याच्या आग्नेयेला दिसते, तरीही.

हे गणित मांडणाऱ्यांत एक नाव आपल्या ओळखीचं आहे, अल-बेरूनी. हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिणारा तोच. सुमारे १०२५ मध्ये त्यानं गझनी शहराचा किबला काढण्यासाठी एक अख्खं पुस्तक लिहिलं. बगदाद ते गझनी हे अंतर मोजायला त्याच्याकडे ना उपग्रह, ना विमान. त्यानं काफिल्यांच्या चालीवरून कळलेली अंतरं घेतली, रस्त्याच्या वळणांसाठी त्यांतून काही भाग वजा केला, ताऱ्यांवरून अक्षांश मोजले आणि मधल्या एकेका शहराला जोडत गेला. उंटाच्या पावलांतून त्यानं गोलाची भूमिती काढली. मी हे सांगितलं तेव्हा वर्गात शांतता होती. मग मागून कुणीतरी म्हणालं, "सर, परीक्षेला आहे का?"

आता ज्या गोष्टीमुळे मी हे लिहायला बसलो, ती सांगतो. इतकी वर्षं लिहावीशी वाटली नव्हती.

२०१६चा रमजान जूनमध्ये आला होता. पाऊस नुकताच सुरू झालेला. अब्बा आजारी होते, तरी हट्टानं सहेरीला उठून बसत. रोजा नाही तर नाही, पण उठायचं सगळ्यांबरोबर. त्या दिवशी फजरच्या नमाजानंतर ते पुन्हा आडवे झाले ते उठलेच नाहीत. सकाळचे सहा वाजले होते. मी भावाला फोन लावला तेव्हा जेद्दाला साडेतीन झाले होते. तो सहेरी करत होता. मागे चमच्याचा आवाज येत होता, तो थांबला.

तो पहिलं वाक्य बोलला, "साडेपाच तास, भाई. मी येतो."

आमच्यात दफन लांबवत नाहीत. मय्यतीला वाट पाहायला लावू नये, असंच सगळे सांगतात. तरी मी वडीलधाऱ्यांना म्हटलं, अस्रच्या नमाजापर्यंत थांबू या. मनात हिशेब चालला होता. साडेसहाला विमान मिळालं तर बारा, दोन तास रस्त्याचे धरले तर दोन. भाऊ पोचतो.

सौदीत तेव्हा परदेशी कामगाराला देशाबाहेर पडायला मालकाची संमती आणि बाहेर जाऊन परत येण्याचा परवाना लागायचा. रमजानमध्ये तिकडे रात्र जागी असते आणि ऑफिसं उशिरा उघडतात. भाऊ ज्या कंपनीत होता, तिथला सही करणारा माणूस अकराला आला. वाईट माणूस नव्हता, भाऊ आजही सांगतो. त्यानं खांद्यावर हात ठेवला, दुआ केली, लगेच सही केली. पण परवाना निघेपर्यंत दुपार झाली. दुपारच्या विमानात जागा नव्हती. रात्री अकराचं मिळालं.

आम्ही अस्रनंतर अब्बांना नेलं. पावसानं जरा उसंत घेतली होती. कबरस्तानात गुडघ्यापर्यंत चिखल. शेजारच्या पाटीलकाकांनी, अब्बांबरोबर तीस वर्षं एकाच लोकलनं गेलेला माणूस तो, चपला हातात घेऊन शेवटपर्यंत सोबत केली आणि तीन मुठी माती दिली. त्यातली एक मूठ देताना ते म्हणाले, "ही धाकट्याची."

भाऊ विमानात बसला तेव्हा त्याच्या घड्याळात जेद्दाचे अकरा वाजले होते. पूर्वेकडे उडताना उलटं होतं, पहाट तुमच्या अंगावर धावून येते. आदल्या दिवसाचा रोजा त्यानं जेद्दाला पाण्यावर सोडला होता. विमानात सहेरी दिली तेव्हा त्याला वाटलं, अजून वेळ आहे, जेद्दाला तर चारनंतर फजर होते. तो खिडकीला डोकं टेकून बसून राहिला. पाहतो तर समोरच्या क्षितिजावर उजेडाची रेघ. घड्याळात अडीच वाजले होते. जेवण तसंच पुढ्यात. त्यानं ट्रे परत दिला आणि रोजाची नीयत केली. मुसाफिर होता, रोजा सोडला असता तरी चाललं असतं, पुढे मौलवी साहेबांनीही तेच सांगितलं. भाऊ म्हणाला, "अब्बा आजारी असून सहेरीला उठायचे. मला काय झालं होतं?"

सव्वासहाला उतरला. सहारहून पनवेलपर्यंत पावसात तुंबलेल्या रस्त्यानं यायला नऊ वाजले. फोन खाली ठेवल्यापासून उंबऱ्यात पाय ठेवेपर्यंत सत्तावीस तास. त्यांतले विमानाचे पाच सुद्धा पुरते नव्हते. कबरीवरची माती तोवर पावसानं बसली होती.

तेव्हापासून आमच्या घरात एक बदल झाला. अम्मी "जेद्दा किती लांब?" विचारते तेव्हा भाऊ "साडेपाच तास" म्हणतो, पण 'फक्त' म्हणत नाही. पुढे तिकडचे नियम बदलले. २०२१ पासून बऱ्याच कामगारांना मालकाच्या संमतीशिवाय बाहेर जाण्याची अर्जी स्वतः करता येते, फोनवरूनच. भावानं पहिल्याच आठवड्यात ते करून पाहिलं, कुठे जायचं नसताना. परवाना फोनवर आला. त्यानं त्याचा फोटो मला पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं.

रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी घरांची हीच गोष्ट आहे. १९७०च्या दशकापासून आमची माणसं आखातात जात आली. आता फक्त आमचीच नाहीत. माझ्याच गल्लीतला एक म्हात्रे मस्कतला आहे, एक नायर दोहाला. गौरी-गणपतीला त्यांच्या घरीही फोन उभा करून आरती दाखवतात. नेटवर्क अडकलं की आरती तिथेच थांबते आणि बाप्पा दोन मिनिटं ताटकळतात.

यंदा भाऊ ईदला येतोय. तारीख ठरवताना मात्र नवाच पेच पडला. घड्याळाचा फरक अडीच तासांचा असला तरी चंद्राचा बहुतेक वर्षी एका दिवसाचा असतो. चंद्र जितका पश्चिमेला पाहावा तितका तो वयानं मोठा आणि दिसायला सोपा, शिवाय सौदीची चंद्र ठरवण्याची पद्धतही वेगळी. म्हणून तिकडे रमजान बहुधा एक दिवस आधी लागतो. तिकडे रोजे सुरू करून ईदला इकडे आलेल्या माणसाचे कधीकधी एकतीस रोजे होतात. आणि इथून तिकडे गेलेल्याचे अठ्ठावीसच भरले, तर एक ईदनंतर भरून द्यावा लागतो.

भावानं फोनवर सांगितलं, "अम्मी, सत्ताविसाव्या रोज्याचं तिकीट काढलंय. पहाटे उतरतो."

अम्मी बशीतला खजूर उचलायची थांबली. "तिकडचा सत्ताविसावा की इकडचा?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो हसला आणि म्हणाला, "थांब, तिकीट बघून सांगतो."